घरच्या घरी लाकडाला स्टेन आणि पॉलिश : नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

दिवाळीच्या आधी आणि लग्नसराईच्या तोंडावर हे प्रश्न हमखास येतात. उत्तरं नागपूरची हवा धरून दिली आहेत. डब्यावरच्या सूचना आणि इथलं उत्तर यांत फरक दिसला, तर प्रमाणाच्या बाबतीत डब्याचं ऐका आणि वेळेच्या बाबतीत हवेचं.

स्टेन, सीलर, पॉलिश हे सगळं लावावंच लागतं का?

नाही. स्टेन हा फक्त रंग असतो. तो लाकडात मुरतो, पण पाणी, तेल, घाम यांपासून लाकडाला अजिबात वाचवत नाही. सीलर लाकडाची छिद्रं बुजवतो आणि वरच्या हातांना, म्हणजे पॉलिशच्या थरांना, धरायला सारखा पृष्ठभाग देतो. खरी राखण करतो तो वरचा थर : लाख, मेलामाइन, पीयू (पॉलियुरेथेन) किंवा वार्निश. स्टेन गाळून नुसता सीलर आणि वरचे हात दिले तरी उत्तम काम होतं. नुसता स्टेन लावून सोडून दिलं, तर पहिल्याच ओल्या फडक्याला रंग येतो.

नागपुरात हे काम कोणत्या महिन्यात काढावं?

ऑक्टोबर अखेरपासून मार्चच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत. हवा कोरडी असते, पण इतकी गरम नसते की ब्रश फिरायच्या आत माल सुकावा. डिसेंबर-जानेवारीत पहाटेची थंडी सोडून द्या. ऊन अंगाला लागायला लागलं की काम सुरू करा आणि चार वाजता शेवटचा हात मारून मोकळे व्हा.

पावसाळ्यात, म्हणजे जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत, लाकूड स्वतःच ओल धरून असतं. फुगलेल्या लाकडावर पॉलिश केलं की हिवाळ्यात ते आकसतं आणि सांध्यांच्या जागी बिनरंगाच्या रेषा उघड्या पडतात. दाराच्या दिल्ह्याभोवती, म्हणजे चौकटीत बसवलेल्या फळीभोवती, अशी पांढरी किनार अनेकांकडे दिसेल. लोक पॉलिशवाल्याला दोष देतात, दोष महिन्याचा असतो.

घरात मे महिन्यात लग्न आहे. थांबता येणार नाही. मग?

मग सकाळी सहा ते नऊ एवढीच वेळ तुमची. पारा ४५च्या आसपास असताना थिनर आणि स्पिरिट पाहता पाहता उडून जातात. स्टेन पुसायच्या आधीच सुकतो, ब्रशच्या रेघा तशाच राहतात आणि वार्निशमध्ये बारीक बुडबुडे अडकतात. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, तर हात लावू नका.

काम छोट्या तुकड्यांत करा. टेबलाची एक फळी पूर्ण, मग दुसरी. अर्ध्या फळीवर थांबलात की जोडाची गडद रेघ कायमची. गच्चीवर फर्निचर नेऊन उन्हात रंगवण्याचा मोह आवरा. तापलेल्या लाकडातली हवा प्रसरण पावून बाहेर येते आणि ओल्या थराला फोड आणते. काम सावलीत करा, सुकवणंसुद्धा सावलीतच.

खोलीत कूलर चालू ठेवून काम केलं तर चालेल का?

नाही, आणि हा खास आपल्याकडचा प्रश्न आहे. कूलर दोन गोष्टी करतो. एक तर बाहेर कडक कोरडं असलं तरी खोलीत पावसाळ्यासारखी ओल आणतो. दुसरं म्हणजे बाहेरची धूळ आणि खसच्या ताट्यांतलं कुसपट थेट ओल्या पॉलिशवर आणून टाकतो. काम करताना आणि पुढचा किमान एक दिवस त्या खोलीचा कूलर बंद ठेवा. उकाडा अगदीच असह्य असेल तर पाण्याचा पंप बंद करून नुसता पंखा चालवा, तोही घासण्याच्या वेळी. घासून धूळ पुसल्यावर खोलीतलं वारं थांबलेलंच बरं, खिडकी मात्र उघडी हवी.

कायमच्या जागेचाही विचार करा. कूलरच्या झोतासमोर असलेल्या कपाटाचं किंवा दिवाणाचं पॉलिश दोन-तीन उन्हाळ्यांत पांढुरकं होतं. पुन्हा पॉलिश करण्याआधी एक तर कूलरचं तोंड फिरवा किंवा कपाट हलवा.

आमचं कपाट लाकडी दिसतं. स्टेन लागेल का?

आधी कडा बघा. वरच्या पृष्ठभागाचे रेषे कडेवरून वळून खाली जात असतील तर लाकूड भरीव आहे. कडेला वेगळी पट्टी चिकटवलेली असेल आणि आत थर दिसत असतील तर ते प्लायवर व्हिनियर, म्हणजे खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा, आहे. नखाने टकटक केल्यावर प्लास्टिकसारखा आवाज आला आणि तीच नक्षी ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा दिसली, तर सनमायका. सनमायक्याला स्टेन लागत नाही, कितीही घासलंत तरी. एमडीएफवर, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेल्या पाटीवर, स्टेन गढूळ दिसतो. त्याला सरळ रंग द्या.

व्हिनियरला स्टेन छान लागतो, पण ते अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतं. मशीनने घासलंत तर आतला प्लाय वर येईल आणि त्यावर इलाज नाही. २२० नंबरचा पेपर, हलका हात, एवढंच.

सागवानाला कोणता स्टेन द्यावा?

माझं मत विचाराल तर कोणताच नाही. बल्लारशाह आणि आलापल्लीकडचं सागवान आपल्या दारातलं. नव्या संसद भवनासाठी नागपूरकडचं सागवान गेलं, अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी बल्लारशाहहून गेलं. त्या लाकडाचा सोनेरी रंग आणि काळसर रेषे यांच्यासाठीच तर लोक एवढे पैसे मोजतात. त्यावर गडद वॉलनट किंवा रोजवूड फासून सागवान झाकायचं असेल तर आधीच स्वस्तातलं लाकूड घ्यायचं होतं. लकडगंजात आरा मशीनवर चिरून आणलेली फळी घरी आणली की तिला स्पिरिटचं ओलं फडकं फिरवून बघा. ओलं असताना जो रंग दिसतो, साधारण तोच पारदर्शक पॉलिशनंतर दिसतो. आवडला तर स्टेनचा डबा घेऊच नका.

सागात नैसर्गिक तेल असतं, त्यामुळे तेलाचं वार्निश कधी कधी दिवसेंदिवस चिकट राहतं. पॉलिशच्या आधी थिनरच्या फडक्याने पुसून घ्या आणि ते सुकलं की लगेच पहिला हात द्या. उद्यावर टाकलंत तर आतलं तेल पुन्हा वर येतं.

नव्या-जुन्या सागाचा जोड असेल, म्हणजे जुन्या पलंगाला नवा पाय, तर मात्र नव्या भागाला फिका टीक स्टेन देऊन जुळवून घ्यावं लागतं. तिथे स्टेनचा उपयोग आहे.

घासायला कोणते पेपर लागतात? किती घासायचं?

सगळ्या कामाचा अर्ध्याहून जास्त वेळ इथेच जातो, आणि जायला हवा. खडबडीत नव्या लाकडाला ८० किंवा १०० नंबर, मग १२०, मग १८०. स्टेन द्यायचा असेल तर १८० किंवा फार तर २२०वर थांबा. लाकूड आरशासारखं गुळगुळीत केलं की छिद्रं मिटतात आणि स्टेन मुरतच नाही. मधला नंबर गाळू नका. ८०चे ओरखडे २२०ने जात नाहीत, फक्त दिसेनासे होतात, आणि स्टेन लागताच रांगोळीच्या रेघांसारखे उठून दिसतात.

पेपर नेहमी रेष्यांच्या दिशेने चालवा. आडवा हात गेला तर तो ओरखडा स्टेन दाखवतोच. पेपर हातात धरून घासू नका, लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळा. बोटांनी घासलं की बोटांच्या रुंदीचे खळगे पडतात.

मग खोलीतला दिवा घालवा आणि मोबाइलचा टॉर्च लाकडाला जवळजवळ चिकटवून आडवा धरा. वरून सपाट वाटणाऱ्या फळीवर या तिरप्या उजेडात फेव्हिकॉलचे ओघळ, रंध्याच्या पट्ट्या, पेन्सिलच्या खुणा, सगळं बाहेर येतं. फेव्हिकॉलचा डाग विशेष वाईट. उघड्या डोळ्यांना तो दिसत नाही, पण स्टेन त्याच्यावर लागत नाही आणि सांध्याजवळ फिकट चट्टा राहतो. तो खरवडून काढा, नुसता घासून भागत नाही.

शेवटी ओल्या फडक्याने फळी पुसा, सुकू द्या. रेषे उभे राहतील, हाताला खरखर लागेल. २२०चा जुना, झिजलेला पेपर हलक्या हाताने एकदा फिरवा. पाण्यातला स्टेन किंवा पाण्यातलं पीयू वापरणार असाल तर ही पायरी टाळू नका.

स्टेन कुठे गडद, कुठे फिका बसला. काहून?

लाकूड पाइनचं असावं. पॅकिंगच्या पेट्यांचं लाकूड आणून केलेल्या फर्निचरची ही नेहमीची तक्रार. पाइन एका जागी जास्त पितं, दुसऱ्या जागी कमी. स्टेनच्या आधी पातळ लाखेचा एक हात द्या, सुकल्यावर ३२०ने अलगद घासा, मग स्टेन. रंग थोडा फिका येईल, पण सारखा येईल. आंब्याच्या लाकडालाही हाच उपाय.

फळीच्या टोकाचा छेद कोणत्याही लाकडात जास्त पितो. ती टोकं बाकीच्यापेक्षा एक नंबर बारीक पेपरने घासा.

आणि स्टेन नेहमी पुसायचा असतो. फडक्याने लावा, पाच-सात मिनिटं थांबा, कोरड्या फडक्याने ओढून घ्या. उन्हाळ्यात दोनच मिनिटं. गडद हवा असेल तर दुसरा हात द्या, जाड थर नको. जाड थर वरच्या वर सुकतो आणि त्यावरचं पॉलिश पापुद्र्यासारखं सुटतं.

लाख, मेलामाइन, पीयू : यातलं घरी कोणतं जमेल?

नवशिक्यासाठी लाख किंवा पाण्यातलं पीयू. लाखेचं पॉलिश माफ करणारं आहे. चुकलं तर स्पिरिटने पुसून पुन्हा सुरुवात करता येते. पाण्यातल्या पीयूला वास कमी, ब्रश पाण्याने धुता येतो आणि लाकूड पिवळं पडत नाही. एकच काळजी : त्याच्याखाली स्टीलवूल वापरू नका. तुटलेल्या तारा पाण्याने गंजतात आणि सागावर काळे ठिपके उमटतात.

मेलामाइन घट्ट आणि चकचकीत, पण दोन भाग मिसळून लावायचं, वास डोळ्यांत झोंबणारा, आणि चांगलं येतं ते स्प्रे गननेच. ते घरातल्या फर्निचरपुरतं ठेवा, बाहेरच्या दाराला लावू नका. दोन भागांचं पीयू सर्वांत टिकाऊ, डायनिंग टेबलाला शोभतं. पण त्याच्या हार्डनरमध्ये, म्हणजे घट्ट करणाऱ्या दुसऱ्या भागात, आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं. नुसता रुमाल बांधून ते स्प्रे करू नये. त्याला रासायनिक वाफ अडवणारा मास्क लागतो. राहत्या फ्लॅटमध्ये लहान मुलं किंवा दम्याचा माणूस असेल तर हे काम घरात करूच नका.

लाखेचं पॉलिश घरी बनवतात कसं?

लाख हा किड्याचा स्राव. पळस, कुसुम, बोर या झाडांवर तो किडा वाढतो, आणि पळसाला आपल्याकडे काय तोटा. बाजारात चपडा लाख मिळते, पातळ पापुद्र्यांची. साधारण २०० ते २५० ग्रॅम चपडा एक लिटर पॉलिशच्या स्पिरिटमध्ये, काचेच्या किंवा प्लास्टिकच्या बरणीत, रात्रभर. लोखंडी डब्यात भिजवलीत तर ती काळपट होते. मधून मधून हलवा, सकाळी मलमलमधून गाळा. हे स्पिरिट विषारी असतं, तेव्हा बरणीवर चिठ्ठी लावा आणि ती मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका.

लावायची पोटली : मूठभर कापूस, त्यावर जुन्या धोतराचं किंवा मलमलचं धुतलेलं कापड, सुरकुती नसलेला तळ. लाख कापसात ओता, कापडावर नाही. दाबल्यावर तळ ओलसर व्हावा, थेंब गळू नये. मग लाकडावर पोटली विमानासारखी उतरवा आणि तशीच उचला, म्हणजे सरकत यायचं आणि सरकत जायचं. मध्ये थांबलात की खालची लाख विरघळते आणि पोटलीच्या आकाराचा डाग उठतो. पहिले हात सरळ, मग गोल, मग आठाच्या आकड्यात, शेवटचे पुन्हा सरळ. पोटली चिकटायला लागली की तळाला खोबरेल नव्हे, पातळ पॅराफिन तेलाचा एक थेंब. थर इतका पातळ असतो की पहिल्या पाच-सहा हातांत काहीच झालं नाही असं वाटतं. जाड हात मारायची घाई तिथेच होते. चार हात मारा, तासभर थांबा, पुन्हा चार. दुसऱ्या दिवशी ४००ने अलगद घासून परत.

भिजवलेली लाख सहा महिन्यांत संपवा. जुनी झाली की ती सुकतच नाही. काचेवर एक थेंब टाकून बघा. तासाभराने नखाची खूण उमटत असेल तर फेकून द्या.

साध्या लाखेत मेण असतं, त्यामुळे तिच्यावर पीयू धरत नाही. वर पीयू द्यायचं असेल तर मेण काढलेली लाख मागा.

पॉलिश केल्या केल्या पांढरं धुकं आलं. आता?

हवेतली ओल. थिनर किंवा स्पिरिट भराभर उडताना पृष्ठभाग थंड पडतो, त्यावर दव बसतं आणि थरात अडकतं. पावसाळ्यात आणि कूलरच्या खोलीत हे हमखास होतं. घाबरू नका, खरवडू नका. कोरड्या दिवसाची वाट बघा. लाखेवर स्पिरिटची जेमतेम ओली पोटली भरभर फिरवा. एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकरवर हळू उडणारं रिटार्डर थिनर हलकं स्प्रे करा. थर पुन्हा विरघळतो आणि ओल निघून जाते.

टीपॉयवरचे चहाच्या कपाचे पांढरे गोल हेसुद्धा तेच. तोच उपाय, पण आधी दोन-चार दिवस वाट बघा, पुष्कळदा आपोआप जातात.

जुनं पॉलिश पूर्ण काढायलाच हवं का?

ते कोणतं आहे यावर. लपलेल्या कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा अर्धा मिनिट धरा. मऊ, चिकट झालं तर लाख आहे. साफ करून वरून नवी लाख देता येते, जुनी-नवी एकजीव होतात. स्पिरिटने काही झालं नाही पण एनसी थिनरने विरघळलं तर लॅकर. दोन्हींना दाद देत नसेल तर पीयू किंवा मेलामाइन. ते घट्ट असेल तर ३२०ने मारून वर नवा हात द्या, सुटत असेल तर पूर्ण काढा.

महाल भागातल्या जुन्या घराच्या दारावर ऑइल पेंटचे थर आहेत. घासून काढू का?

कोरडं घासू नका. घरगुती रंगांतल्या शिशावर दहा लाखांत ९० भागांची मर्यादा घालणारे नियम २०१६ साली आले आणि २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाले. त्याआधीच्या थरांत शिसं असण्याची शक्यता धरून चाला. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. रिमूव्हर लावून पत्रीने खरवडा किंवा पाणी मारत वॉटर पेपरने घासा. खाली प्लास्टिक अंथरा, खरवड त्यातच गुंडाळून टाका, झाडू मारू नका. गर्भवती स्त्री आणि लहान मुलं त्या दिवसांत घरात नकोत.

देवघराचं काय?

आधी समई विझवा. थिनरची वाफ जमिनीलगत पसरते आणि ज्योतीपर्यंत पोचते. तेलाची काजळी थिनरने पुसा. हळदीचे डाग दोन-चार दिवस उन्हात ठेवले की बरेच उडतात. कुंकू मात्र मुरतं, ते घासूनच निघतं. समईखालच्या फळीला पीयू द्या, बाकी लाख चालेल.

तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल आहे. मुलं तोंडात घालतात. कोणतं पॉलिश?

लाख. गोळ्या-चॉकलेटांवरच्या चकाकीलाही शुद्ध केलेली लाखच वापरतात. स्पिरिट पूर्ण उडायला चार-पाच दिवस द्या. पोळा ऐन पावसाळ्यात येतो, म्हणून आदल्या रात्री नको, पंधरा दिवस आधी उघडीप बघून करा. शिंगांना रंग हवाच असेल तर ‘शिसेविरहित’ लिहिलेला डबा घ्या. गेरू-पिवडी लाखेत कालवूनही देता येते, पण वरून साध्या लाखेचे दोन हात द्या, नाही तर मुलांच्या हाताला रंग येतो.

घाण्याचं जवस तेल लाकडाला चालतं का?

चालतं, पण एकेका हाताला सुकायला आठवडा लागू शकतो. हार्डवेअरच्या दुकानातलं डबल बॉइल्ड तेल एक-दोन दिवसांत सुकतं, मात्र त्यात ड्रायर, म्हणजे लवकर सुकवणारी रसायनं, असतात, पोळपाट-लाटण्याला ते नको. पातळ लावा, पंधरा मिनिटांनी सगळं पुसून काढा.

तेलाची फडकी बोळा करून ठेवू नका, हे मात्र नीट ध्यानात घ्या. जवस तेल सुकताना उष्णता सोडतं, चुरगाळलेल्या फडक्यात ती कोंडते आणि ठिणगीशिवाय आग लागते. नागपूरच्या मे महिन्यात तर फार वेळ लागत नाही. फडकी दोरीवर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग कचऱ्यात टाका.

पश्चिमेकडच्या मुख्य दाराचं पॉलिश दरवर्षी उडतं.

उडणारच. ऊन पारदर्शक थरातून आत जाऊन लाकडाचा वरचा पदर सैल करतं, मग थर पापुद्रा होऊन सुटतो. बाहेरच्या कामासाठीचं, अतिनील किरण अडवणारं आणि थोडा रंग असलेलं पीयू घ्या. किंवा थराचा नाद सोडून तेल लावा. दर दिवाळीला एक हात द्यावा लागेल, पण खरवडणं वाचेल. गच्चीवरच्या झोपाळ्याला तर तेलच.

बारीक छिद्रांतून पीठ पडतंय.

घुण आहे. पॉलिश नंतर, आधी लाकडाचं कीटकनाशक सिरिंजने छिद्रांत भरा. पंधरा दिवसांनी पुन्हा भरा, खाली काळा कागद ठेवा. पीठ पडणं थांबलं की छिद्रं मेणाने बुजवा.

पॉलिशवाला बोलवावा की स्वतः करावं?

पाट, चौरंग, स्टूल, टीपॉय, फोटोच्या फ्रेमा स्वतः करा. जिना, सगळी दारं आणि स्प्रेचं काम त्याला द्या. ठरवताना ‘फूटप्रमाणे’ दर विचारा आणि त्यात घासणं, फिलर, किती हात आणि माल कुणाचा हे कागदावर घ्या. नमुना त्याच लाकडाच्या तुकड्यावर, शेवटच्या हातापर्यंत पूर्ण करून मागा. शेड कार्डावरचा वॉलनट आणि तुमच्या बाभळीवरचा वॉलनट यांचं गोत्र वेगळं असतं.

उरलेला माल ठेवता येतो का?

स्टेन आणि वार्निश झाकण घट्ट करून दोन वर्षंही टिकतात. मिसळलेलं पीयू-मेलामाइन त्याच दिवशी दगड होतं. लागेल तेवढंच मिसळा. पीयूचा हार्डनर ओल खातो, एकदा उघडला की पुढच्या पावसाळ्यापर्यंत भरवसा धरू नका. थिनर स्वयंपाकघरात, गॅसजवळ किंवा गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. उरलेला स्टेन ठेवताना झाकणावर फर्निचरचं नाव आणि किती हात दिले ते मार्करने लिहा, पुढे ओरखडा बुजवायची वेळ आली की तोच शेड लागतो.